शहरातला सर्वांत काटकसरी बेवडा

लिफ्टवाल्याचा फायदा सरळ होता. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीच ते साडेपाच, साडेतीन वर्षांची नात. आठवड्याचे पंधरा तास. त्यातून तिच्या झोपेचे वजा केले तर बारा उरत होते, पण झोपलेली नातही नातच असते, म्हणून पंधराच धरायचे. वर सुटे लाभ वेगळेच: तिच्या बुटांचे बंद बांधणं, तिला बागेत नेणं, "हे असं का" ची खरी-खोटी उत्तरं देणं. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, उजव्या कानात सतत शिट्टी. अशा माणसाला या वयात याहून मोठं घबाड कुठून लागणार?

आणि नेमकं तेच मिळणार नव्हतं.

"आई, तू येत जा माझ्याकडे," लेक म्हणाली. ती दातांची डॉक्टर. अठरा वर्षं परगावी काढून महिन्यापूर्वीच याच शहरात परत आली होती, आणि तिच्या नव्या दवाखान्याची वेळ होती दुपारची. "लाँड्रीत दुपारी बाबा बसतील."

"अगं, उलटं कर की. दुकानात मी बसतेच आहे. पिटुकलीला बाबा सांभाळतील. त्यांना दुसरा उद्योग काय आहे?"

लेकीनं कप बशीत ठेवला. आवाज होणार नाही असा. "बाबांजवळ मी तिला एकटी ठेवणार नाही. का ते तुला माहीत आहे."

"सोडून नऊ वर्षं झाली त्यांना."

"सोडणारे पुन्हा धरतात, आई. मी पाहिलेत."

लिफ्टवाला शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्राआड बसला होता. पान उलटल्याचा आवाज आला नाही. लाँड्रीवालीनं मान खाली घातली. का ते तिला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं माहीत होतं, कारण ते सगळं तिनंच रचलेलं होतं.

आता हे सांगून टाकायला हवं, की लिफ्टवाला दारू पीत नव्हता. कधीच नाही. तो उडत असे.

शहर त्याला पिवळ्या म्हणायचं. बुडत्या होडीतून माणसं उचलणारा, कलंडलेली बस खांद्यावर घेणारा, कारखान्याच्या चिमणीच्या टोकावर अडकलेल्या रंगाऱ्याला कडेवर घेऊन उतरवणारा तो पिवळ्या. पिवळाच का, यावर लोकांनी मोठमोठे लेख लिहिले. पिवळा म्हणजे सूर्य, पिवळा म्हणजे आशा. लाँड्रीवालीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की दुकानात एका गिऱ्हाईकानं पिवळे पडदे टाकले आणि दोन वर्षं नेलेच नाहीत. शिवायचं तर कापड हवं होतं, आणि हे फुकट होतं. "पिवळा घेतो का कुणी कामाच्या कपड्याला?" हे ती पुढं वीस वर्षं म्हणत राहिली. धूर बसतो, वंगण बसतं, घामाचे नकाशे उमटतात. त्या पोशाखाला तिनं जेवढं घासलं तेवढं पोटच्या पोरीला घासलं नसेल.

दुकान खाली, घर वर, आणि त्याच्यावर कपडे वाळत घालायची गच्ची. पोशाख दुकानातच टांगलेला असायचा, सगळ्यांसमोर, दांडीच्या शेवटच्या टोकाला, कागदी पिशवीत, वर चिठ्ठी: पडदा, एक नग. त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून माणसं तिला पिवळ्याच्या गोष्टी सांगायची. समोरचा चष्मेवाला तर शपथेवर सांगायचा की पिवळ्या सात फूट उंच आहे.

"सात?" लाँड्रीवाली कॉलरवर पाणी शिंपडत विचारायची.

"डोळ्यांचा धंदा आहे माझा, वहिनी. सात म्हणजे सात."

पाच फूट सहा इंचांचा पिवळ्या तेव्हा मागं बसून बटणं लावत असायचा.

ते दिवस आठवले की अजूनही तिच्या हातातली इस्त्री थांबते. तो दिवसा लिफ्टच्या कंपनीत. बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, तेलकट दोर तपासायचे, चौथ्या मजल्यावर अडकलेल्या आजीबाईंना दाराच्या फटीतून धीर द्यायचा. माणसं वर-खाली नेणं हेच त्याचं काम, फक्त एका कामाला पावती होती आणि दुसऱ्याला नव्हती. गच्चीवरची कपड्यांची तार मधमाशीसारखी गुणगुणली की ती समजायची, आला. मग चादरींच्या मधून आधी बूट दिसायचे, मग तो. "चादरींना हात लावू नका, काळे आहेत," हे तिचं स्वागताचं वाक्य ठरलेलं.

आणि ढगाळ दिवस! आठ-आठ दिवस ऊन नाही, हॉटेलच्या साठ चादरी ओल्या, उद्या सकाळी द्यायच्या. ती कपाळाला हात लावून बसली की तो खांद्यावर गाठोडं टाकायचा. "ढगांच्या वर ऊन असतंच गं." पंधरा मिनिटांत परत. चादरी कडक, उबदार, आणि त्यांना एक वास. कशाचा ते तिला कधी सांगता आलं नाही. हॉटेलवाला विचारायचा, कुठली पावडर वापरता? एकदा एक उशीचा अभ्रा वाऱ्यानं निसटला आणि चार वस्त्या पलीकडं एका शाळेच्या मैदानात उतरला. तो हॉटेलला भरून द्यावा लागला. तरी ती त्या दिवसाला चांगलाच दिवस म्हणते. त्या साठातली एक चादर त्या रात्री त्यांनी स्वतःच्या पलंगावर घातली होती.

अडचण एकच होती. त्याला खोटं बोलता येत नसे. अकरा टनांचा पूल पेलणारा माणूस, पण थाप मारायची म्हटली की कानापर्यंत लाल. पुराच्या वेळी त्यानं साहेबांना सांगितलं, आत्या वारली. वर्षानं गोदीत जहाज कलंडलं, तेव्हा पुन्हा सांगितलं, आत्या वारली.

"मागच्या वर्षी गेल्या ना त्या?" साहेब म्हणाले.

"हो. पण... ती तेव्हा नीट गेली नव्हती."

त्या दिवसापासून सबबींचं खातं लाँड्रीवालीनं आपल्याकडं घेतलं. शंभर पानी वही, तीन रकाने: तारीख, सबब, कुणाला सांगितली. कोणता नातेवाईक कधी आजारी पाडला, कोणता बरा केला, सगळं टिपलेलं. एकही सबब तिनं पुन्हा वापरली नाही. पण वही तिची असली तरी नातेवाईक मोजकेच. बारा वर्षांत ते संपत आले.

लेक अकरा वर्षांची होती. पोहण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी, दुपारी चार वाजता. बाबा येणार असं तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तीन वाजता रंगाच्या कारखान्याला आग लागली. पोरगी दुसरी आली, पदक गळ्यात घालून घरी आली, आणि दाखवायला कुणी नाही म्हणून गच्चीवर गेली. तेवढ्यात तार गुणगुणली. त्या रंगाच्या धुरानं त्याचं डोकं फिरलेलं. चादरींच्या मागंच त्यानं वरचा पोशाख काढून टाकला, गंजीफ्रॉकवर झोकांड्या खात पुढं आला, तारेला अडकला आणि चार चादरींसकट पोरीच्या पायाशी पडला. डोळे लाल, जीभ जड. पदकाकडं बघून हसला आणि ओकला.

"आई! बाबांना काय झालंय?"

लाँड्रीवाली जिन्यानं धावत वर आली. खरं सांगायची सोय नव्हती. पिवळ्याचं घर शोधत फिरणारी माणसं होती, आणि त्यांतली दोन त्याच महिन्यात गल्लीत विचारपूस करून गेली होती. अकरा वर्षांच्या पोरीच्या पोटात काय राहणार? आणि वहीत तर एकही सबब शिल्लक नव्हती. तिच्या तोंडून दोनच शब्द गेले.

"पिऊन आलेत."

अशी सोयीची थाप तिनं आयुष्यात मारली नव्हती. सगळं तिच्यात बसलं. घरी न येणं बसलं, उशिरा येणं बसलं. पडणं, खरचटणं, दुपारी मेल्यासारखं झोपणं, शाळेच्या सभेतून मधेच उठून जाणं, काही काही म्हणून बाहेर राहिलं नाही. नातेवाईक मारायला नकोत, वही नको. आठवडाभर ती मनातून स्वतःवर खूशही होती. लिफ्टवाल्याला मात्र पचायला जड गेलं. पण त्याच्याकडं दुसरा उपाय नव्हता. त्यानं रमची एक छोटी बाटली आणली, आणि उडून आला की बोटावर दोन थेंब घेऊन कॉलरला लावायचा. ती बाटली त्याला चार वर्षं पुरली. एवढा काटकसरी बेवडा त्या शहरानं पाहिला नव्हता.

सांगायचं होतंच. आधी पोरगी लहान होती म्हणून राहिलं, मग परीक्षा म्हणून, मग ती शिकायला परगावी गेली म्हणून. लग्नाच्या वेळी ठरवलं होतं, तर लग्नादिवशीच धरणाची भिंत तडकली, आणि नवरीचा बाप ओल्या केसांनी आला तेव्हा पाहुणे पायात चपला घालत होते. त्यानंतर सांगायचं म्हणजे, एवढी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. ते लाँड्रीवालीला जमेना. लेकीच्या लेखी बाप वाया गेलेला होता, पण आई होती. बेवड्याचा संसार ओढणारी, कधी खोटं न बोलणारी आई. मुलगी दर रविवारी फोन करायची, तो आईला.

"तू जात जा तिच्याकडं," लेक गेल्यावर लिफ्टवाला म्हणाला. "मी बसेन दुकानात. मला कुठं पोरं सांभाळता येतात?"

"कान लाल झालेत तुमचे."

त्यानं कानावर हात ठेवले.

"मी सांगणार आहे तिला," ती म्हणाली. "येत्या रविवारी."

"काय सांगशील? की आपण बोललो खोटं?"

"आपण नाही. मी."

"मग राहू दे. अगं, तिला दोघांपैकी एक जण तरी नीट मिळालाय. तोही काढून घेतेस? पंधरा तासांसाठी?"

"पंधरा तुमचे. पिटुकलीचेही पंधरा आहेत," ती म्हणाली आणि इस्त्री आपटली. वाद संपवायची तिची ती रीत होती.

रविवारी दुपारी लेक आली, पिटुकलीला नवऱ्याजवळ ठेवून. दुकान बंद होतं. तिघं इस्त्रीच्या टेबलाशी बसली आणि लाँड्रीवालीनं आग, गच्ची, पडदे, आत्या, बाटली, सगळं एका दमात सांगितलं. दाखवायला काही नव्हतं. पोशाख नऊ वर्षांपूर्वी, कानाच्या डॉक्टरनं तोल गेल्याचं सांगितलं त्या आठवड्यात, दोघांनी मिळून भट्टीत घातला होता. वही तर त्याआधीच.

लेक शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं आईचा हात हातात घेतला. हळुवारपणे, दुखणाईताचा घ्यावा तसा.

"आई, हे यांनी सांगायला लावलं का तुला?"

"नाही गं!"

"नवऱ्याची दारू झाकायला बायका काय काय सांगतात, मी खूप ऐकलंय. मधुमेह आहे म्हणतात, झोपेच्या गोळ्या म्हणतात. पण उडतात, हे पहिल्यांदाच ऐकतेय."

"दाखवतो," लिफ्टवाला म्हणाला.

"अहो, नको! कान!"

पण तो उठला, टेबलापासून दोन पावलं मागं गेला, श्वास घेतला. आणि वर आला. चार बोटं, फार तर पाच. पायघोळ विजार जमिनीला टेकलेली, आणि लेक बघत होती आईच्या तोंडाकडं. तिला दिसलं ते एवढंच की बाप डोळे मिटून डुलला, एका बाजूला कलला, धुवायच्या कपड्यांच्या टोपलीवर आदळला आणि टेबलाच्या कडेनं त्याचा ओठ फुटला.

"झालं समाधान?" लेक म्हणाली. आवाज आता हळुवार नव्हता. "भर दुपारी. माझ्यासमोर." तिनं पर्स उचलली. मग बापाच्या हनुवटीवरून रक्त ओघळताना दिसलं आणि तिनं ती खाली ठेवली. धंद्यापुढं रागाचं काही चालत नाही. "बसा सरळ. तोंड उघडा. आई, पाणी आण आणि स्वच्छ फडकं."

लाँड्रीत स्वच्छ फडक्याला काय तोटा? लेकीनं मोबाइलचा उजेड पाडला, ओठ बोटानं उलटून जखम पाहिली. टाका नको होता. मग आपोआप नजर दातांवर गेली. बापाच्या तोंडात तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या तोंडाजवळ जायचं म्हणजे श्वास रोखायचा, ही अकराव्या वर्षापासूनची सवय.

ती बराच वेळ बघत राहिली. वरच्या ओळीची मागची बाजू पाहायला तिनं पर्समधून छोटा आरसा काढला. पुन्हा पुढून पाहिलं. नखानं हलकेच खरवडून पाहिलं.

"पिणाऱ्यांचे दात आतून झिजतात," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "वारंवार ओकून. इतकी वर्षं पिणाऱ्याचे तर हमखास. यांचे आतून कोरे आहेत, नव्यासारखे." ती थांबली. "आणि बाहेरून... हे पुढचे चार वाळूनं घासल्यासारखे झालेत. असं मी कुणाचं पाहिलं नाही. कशानं झालं?"

"वारा," लिफ्टवाला फडक्याआडून म्हणाला. "बारीक खडी असते त्यात. आणि किडे."

"मग तोंड मिटून ठेवायचं ना!"

"ठेवायचो गं. पण मधेमधे ओरडावं लागतं. बाजूला व्हा, म्हणून."

मोबाइलचा उजेड विझला. लेक टोपलीच्या कडेवर बसली, कपड्यांत अर्धी रुतून, आणि बापाच्या दातांकडं नाही, त्याच्याकडं बघू लागली. कारखान्याची आग तिला आठवली असणार, धरणही. तारखा जुळवत असणार. मधेच ती "त्या दिवशी?" म्हणाली, त्यानं मान डोलावली; ती पुन्हा "आणि लग्नात?" म्हणाली, त्यानं पुन्हा मान डोलावली.

"कल्पना कुणाची होती?" तिनं विचारलं.

"माझी," लिफ्टवाला म्हणाला. कान शेंदरी.

"माझी," लाँड्रीवाली म्हणाली. "यांना बिचाऱ्यांना आत्यासुद्धा धड मारता येत नव्हती."

कुणी हसलं नाही.

"कॉलेजात असताना मी दर शनिवारी एका ठिकाणी जायचे," लेक सांगू लागली. "घरात पिणारं कुणी असलं की त्या घरच्यांसाठी असतं ते. एक हॉल, गोल मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येकानं बोलायचं. मी दोन वर्षं जात होते, आई. बाबांना माफ कसं करायचं ते शिकायला. नाही जमलं मला. बाकीच्यांना जमायचं. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुला त्रास होईल म्हणून."

लेक उठली, बापाचा ओठ पुन्हा एकदा पाहिला, तीन दिवस गरम चहा नको म्हणाली. "उद्या अडीचला आणते तिला. ती झोपताना गोष्ट मागते, पण घाबरवणारी नको." आणि बाजूच्या दारानं निघून गेली, आईकडं न बघता.

सोमवारी अडीचला पिटुकली आली. बाजूच्या जिन्यानं वर. तिच्या आईनं दुकानात पाऊल टाकलं नाही. काचेतून फक्त दोन जोडी बूट दिसले, एक मोठे, एक वाटीएवढे. थोड्या वेळानं वरून पावलांची धावपळ ऐकू आली, मग हसणं, मग काहीतरी पडलं आणि दोघंही हसली. मंगळवारी तसंच. पुढचा रविवार आला आणि फोन वाजला. लेकीला बाबा हवे होते.

लाँड्रीवाली दुपारी एकटीच शर्टाच्या बाह्या दाबत असते, आणि तिच्या स्वभावाप्रमाणं बेरीज-वजाबाकी चालूच असते. लिफ्टवाल्यानं पंचवीस वर्षं आपलं नाव दिलं, आता त्याला पंधरा तास मिळाले. कमीच मिळाले, पण तो तक्रार करणारा नाही. शहरानं काही दिलं नाही, शहराला कुणी मागितलंही नव्हतं. तिनं स्वतः आता भरायला सुरुवात केली आहे, रविवारच्या फोनांनी, आणि ते रास्त आहे. किती रविवार ते लेक ठरवेल. एवढ्यावर सगळं जुळायला हवं होतं. पण मधे ते शनिवार येतात. दोन वर्षांचे एकशे चार, परीक्षेचे सोडले तर शंभर धरा. वीस वर्षांची पोरगी, परकं गाव, जायला बस, यायला बस, आणि न प्यायलेल्या दारूबद्दल बापाला माफ करायची खटपट. सगळ्यांत जास्त भरलं ते तिनंच, आणि ती एकटीच अशी होती की तिला कुणी विचारलं नव्हतं.